फ्लॅटमधली रोजची देवपूजा: गोव्यात नवे घर मांडणाऱ्यांसाठी

पर्वरी, फोंडा, मडगाव, कुठेही नवा संसार मांडला की पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो: देव मांडायचे, पण किती आणि कसे? मूळ घरी ते काम आजीने नाहीतर थोरल्या काकांनी केलेले असते, आणि आपला वाटा आरतीला टाळ्या वाजवण्यापुरता. मग बाजारातून सगळे एकदम आणले जाते. मोठे देवघर, नऊ-दहा मूर्ती, पाच वातींची समई, चार प्रकारच्या उदबत्त्या. तीन महिन्यांनी समई हिरवी पडते आणि दिवा फक्त सुट्टीच्या दिवशी लागतो.

म्हणून माप आधी ठरवा. चतुर्थीच्या दिवसाचे माप धरू नका. भर पावसात सोमवारी सकाळी आठच्या बसला धावायचे असते, त्या दिवशी जेवढी पूजा जमेल तेवढीच मांडा. पंधरा मिनिटे पुरतात. वाढवायला पुढे आयुष्य पडले आहे, मांडलेले कमी करणे मात्र जिवावर येते.

कोणते देव, किती देव

मूळ घरातले देव मूळ घरातच राहतात. बहुतेक घराण्यांत त्यांची वाटणी होत नाही, तेव्हा तिथली मूर्ती उचलून फ्लॅटमध्ये आणायचा विचार थोरल्यांना विचारल्याशिवाय करू नका. नव्या घरी एवढे पुरते: एक गणपती, लग्नात आलेली अन्नपूर्णा किंवा बाळकृष्ण असेल तर ती, आणि कुलदेवतेची तसबीर. मूर्ती भरीव पितळेची किंवा चांदीची, अंगठ्याच्या पेरापासून वीतभर उंचीपर्यंतची घ्यावी. रोज पाणी घालायचे असल्याने प्लास्टरची किंवा रंगवलेली मूर्ती चालत नाही. रंग महिन्याभरात सुटतो आणि तीर्थात उतरतो. घरात दोन शिवलिंगे, दोन शंख, तीन गणपती पूजेत ठेवू नयेत असा जुना संकेत आहे. भेट आलेल्या मूर्ती वाढत गेल्या की तो उपयोगी पडतो. जास्तीच्या मूर्ती बैठकीत शोभेला ठेवा, देवघरात भरती करू नका.

आपली कुलदेवता कोणती हे माहीत नसणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा गोंधळ होण्याला कारणही आहे. घराणे मूळचे सासष्टीचे, तिसवाडीचे, पण देऊळ फोंड्यात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या तालुक्यांतली देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी देव रातोरात नदीपलीकडे नेले. कुशस्थळीचा, म्हणजे कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. तेव्हा गावाच्या नावावरून देव शोधू नका. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. सगळ्यात वर ‘श्री अमुक प्रसन्न’ असे छापलेले असते, तिथे उत्तर सापडते. तसे नसेल तर भाऊबंदांपैकी कोणाकडेही विचारा.

आणि नव्या गावात राहायला आलात तर तिथल्या ग्रामदेवतेला आणि राखणदाराला एक नारळ आधी ठेवून या. घर भाड्याचे असले तरी.

जागा

पूजा करणाऱ्याचे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला यावे हा संकेत. फ्लॅटमध्ये तो नेहमी जमत नाही, पुढच्या गोष्टी मात्र जमवाव्याच लागतात. देवघर पंख्याच्या थेट झोतात नको. पडदा देवघरापासून हातभर दूर हवा. ज्योतीच्या वर किमान दीड फूट मोकळी जागा हवी, नाहीतर प्लायवूडचे छत आधी काळे पडते आणि मग सोलायला लागते. संडास-न्हाणीघराच्या ओल आलेल्या भिंतीला लाकडी देवघर टेकवू नका. आपल्याकडच्या पावसात त्यामागे वाळवी लागायला एक हंगाम पुरतो. भिंतीपासून दोन बोटे अंतर ठेवा आणि दिव्याखाली कडप्प्याचा तुकडा किंवा पितळेचे ताट ठेवा.

भांडी

तांब्याचे ताम्हन, तांब्या, पळी आणि पंचपात्री. घंटा. चंदन उगाळायला सहाण आणि खोड. एक लहान समई, एक निरांजन, उदबत्तीचे घर, नैवेद्याची वाटी, देव पुसायचे सुती फडके. शंख हवाच असे नाही.

पितळ आणि तांबे घासायला चिंच, सोल (आमसूल) किंवा परसातली बिमली (आंबट बिलिंबी) उत्तम. आंबटाने वरचा काळा थर विरघळतो. पण तोच आंबटपणा भांड्यावर राहिला तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग उमटतात, आणि मग लोक म्हणतात की चिंचेने भांडी खराब होतात. दोष चिंचेचा नसतो, अर्धवट धुण्याचा असतो. घासा, भरपूर पाण्याने धुवा, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. आपोआप वाळू देऊ नका. चांदीच्या देवांना चिंच नको. मऊ फडक्यावर रांगोळीसारखी बारीक राख किंवा दंतमंजन घेऊन हलक्या हाताने चोळा. चांदीचा मुलामा दिलेली मूर्ती घासायची नाहीच, मुलामा निघून खालचे तांबे दिसते.

आणखी एक. दही, ताक, लिंबू घातलेले काहीही तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, ते कळकते. पंचामृताचे स्नान ताम्हनात होते ते ठीक, पण ते तीर्थ लगेच चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत काढून घ्यायचे. तासाभराने ताम्हनातच हिरवट झालेले पंचामृत मुलांना दिले तर मळमळ होणारच.

दिवा

रोजच्या पूजेत सगळ्यात जास्त चुका दिव्यात होतात, म्हणून इथे जरा थांबू.

नव्या घराला दहा-बारा इंचांची समई पुरे. समईचे भाग आट्यांनी जोडलेले असतात आणि घासताना ते सैल होतात. दिवा लावण्याआधी खांब हाताने फिरवून घट्ट आहे ना ते बघायची सवय लावा. तेल खोबरेल किंवा तिळाचे. घाण्यावरचे खोबरेल आणत असाल तर एक दिवस निवळू द्या, तळाचा गाळ समईत गेला तर तो वातीत अडकतो. भजी तळून उरलेले तेल वापरू नका. ‘पूजेचे तेल’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त बाटल्यांवरचे लेबल वाचा. खनिज तेल असेल तर काजळी जास्त धरते. तूप निरांजनात, तेल समईत. दोन्ही एकाच दिव्यात मिसळत नाहीत.

निरांजनाला फुलवात, समईला लांब वात. समईला एकेरी वात न लावता दोन वाती एकत्र वळून लावतात. वात आधी तेलात पूर्ण भिजू द्या, मग तिचे टोक समईच्या ओठावर आणा. ओठाबाहेर टोक मुगाच्या दाण्याएवढे दिसले पाहिजे, जास्त नाही. ज्योत दक्षिणेकडे करू नये, पूर्वेला किंवा उत्तरेला करावी. एका वातीला तासाला साधारण एक लहान चमचा तेल लागते. तेव्हा रोज समई काठोकाठ भरायची गरज नाही, दोन चमचे पुरतात.

आता काय बिघडते ते बघू.

दिवा तडतडतो आणि तेल उडते: समईत किंवा वातीत पाणी आहे. धुतल्यावर नीट न पुसलेल्या समईत पाण्याचे थेंब तेलाच्या तळाशी बसतात आणि वातीतून वर चढतात. समई पुसून उन्हात किंवा गॅसजवळ पाच मिनिटे ठेवली की प्रश्न मिटतो.

धूर येतो, भिंत काळी होते: वात लांब आहे, जाड आहे, किंवा पंखा चालू आहे. वात मागे सारा.

ज्योत बारीक होऊन विझते: वात फार पीळ देऊन वळली आहे, तेल वर चढत नाही. किंवा टोकाला जळलेल्या कापसाची गाठ झाली आहे. ती काडीने झटकून टाका.

समईखाली रोज तेलाचे थारोळे: वात ओठावरून फार खाली लोंबते आणि तेल तिच्यावरूनच बाहेर झिरपते. टोक आखूड करा.

तेल थिजते: खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते. सत्तरी, सांगे भागात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हे होते. बाटली कोमट पाण्यात ठेवा.

दिवा फुंकून विझवत नाहीत, आणि ‘विझवला’ असे म्हणतही नाहीत. दिवा शांत करतात. फुलाने ज्योत हळूच दाबा किंवा काडीने वात तेलात ओढा. कामाला बाहेर पडण्याआधी दिवा शांत करायलाच हवा. मूळ घरी दिवसभर नंदादीप तेवतो, कारण तिथे दिवसभर माणूस असते. बंद फ्लॅटमध्ये त्याची नक्कल नको.

पूजेचा क्रम

शास्त्रात सोळा उपचार आहेत, आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंत. रोजसाठी पाच पुरतात: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. त्यांच्या आधी स्नान घातले की नित्यपूजा पुरी होते.

१. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बसा. कालचे निर्माल्य काढा. आज नवे फूल मिळाले नाही तरी कालचे सुकलेले ठेवू नका.

२. समई लावा, तिला गंध-फूल वाहा. नमस्कार करा.

३. आचमन. उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेऊन तीन वेळा प्यायचे: केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः. चौथ्यांदा गोविंदाय नमः म्हणून ताम्हनात सोडायचे. पाणी एका घोटाचेही नको, उडदाचा दाणा बुडेल एवढेच.

४. संकल्प. पंचांगातली तिथी-वार म्हणता येत असेल तर उत्तम. नसेल तर घरातल्यांच्या क्षेमासाठी पूजा करतो एवढे आपल्या शब्दांत म्हणा. गोव्यातल्या घरात मंत्र संस्कृतात, आरती मराठीत आणि गाऱ्हाणे कोंकणीत असते, देवाची त्याबद्दल तक्रार ऐकिवात नाही.

५. देव ताम्हनात घेऊन स्नान. रोज साध्या पाण्याचे. एकादशीला, संकष्टीला, वाढदिवसाला पंचामृताचे: दूध, दही, तूप, मध, साखर याच क्रमाने. चार लहान मूर्तींना दूध चार चमचे, दही एक, तूप अर्धा, मध एक, साखर एक चमचा इतके पुष्कळ. तूप आणि मध सम प्रमाणात घेत नाहीत. नंतर कोमट पाण्याने धुवायला विसरू नका. मूर्तीच्या खाचेत राहिलेल्या मधसाखरेला दुपारपर्यंत मुंग्या लागतात, आणि तुपाचा थर राहिला की त्यावर कुंकू बसून काळी पुटे चढतात.

६. देव कोरडे पुसून जागेवर ठेवा. पुसायचे फडके फक्त देवांचे, आणि तेही रोज धुतलेले.

७. गंध. सहाणेवर तीन-चार थेंब पाणी घ्या आणि खोड गोल फिरवा. घाई केली तर पाणी जास्त पडते, गंध पातळ होऊन देवाच्या नाकावर ओघळते. बोटाला लावून उलटे धरले तरी थेंब पडत नाही असे दाट हवे. अनामिकेने लावा. देवीला हळद-कुंकू. अक्षता न मोडलेल्या तांदळाच्या. कुंकू लावलेल्या अक्षता पावसाळ्यात बुरसतात, म्हणून आठवड्यापुरत्याच करा.

८. फुले, पत्री.

९. उदबत्ती ओवाळा, मग निरांजन. डाव्या हाताने घंटा, उजव्या हाताने ओवाळणे. ओवाळताना हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा.

१०. नैवेद्य. पाण्याने चौकोनी मंडल करून त्यावर वाटी ठेवा. तुळशीच्या पानाने भोवती पाणी फिरवून प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा, ब्रह्मणे स्वाहा म्हणा.

११. एक आरती, कापूर, स्वतःभोवती प्रदक्षिणा, नमस्कार, तीर्थ. वेळ असेल त्या दिवशी जप. माळ मधल्या बोटावर धरून अंगठ्याने ओढतात, तर्जनी लावत नाहीत, आणि मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून उलटे फिरायचे.

घाईच्या दिवशी पाच, सहा, सात, आठ उरका आणि दिवा दाखवा. सगळ्यात घाईच्या दिवशी निर्माल्य काढून नुसता दिवा लावा. तो चुकवू नका, एवढेच.

हा क्रम घरात दोघांनाही यावा. एकटीवर किंवा एकट्यावर सोडलेली पूजा त्या माणसाच्या पहिल्या तापात बंद पडते. पाळीच्या दिवसांची रीत घरोघर वेगळी आहे, दोघांनी बोलून आपली ठरवा. पूजा दोघांना येत असली की हा प्रश्नही लहान होतो.

फुले

बाजारातून फुले आणणारच असाल तर हंगाम ओळखून आणा. अबोलीची फाती, म्हणजे गजरे, जवळजवळ बारमाही. जाई पावसाळ्यातली, म्हार्दोळला जायांची पूजा होते ती याच दिवसांत. रोझां, म्हणजे झेंडू, दसरा-दिवाळीला. सुरंगी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास थोडे दिवस, आणि तिच्या वासाने देवघर दोन दिवस भरून राहते. सुकली तरी. एरवी कुंडीतली एक जास्वंद आणि एक तगर रोजच्याला पुरते.

गणपतीला दूर्वा आणि लाल फूल, शंकराला बेल, विष्णूला आणि बाळकृष्णाला तुळस. गणपतीला रोज तुळस वाहत नाहीत. शंकराला केवडा वाहत नाहीत. बेलाचे पान पालथे, गुळगुळीत बाजू देवाकडे. फुले हुंगायची नाहीत, जमिनीवर पडलेली घ्यायची नाहीत. अपवाद पारिजातक आणि ओवळांचा, म्हणजे बकुळीच्या फुलांचा, ती पडलेलीच वेचतात. आदल्या दिवशी आणलेली फुले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर सकाळी घामटलेली निघतात. ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मासळीच्या डब्यापासून लांब.

नैवेद्य आणि नुस्ते

रोजचा नैवेद्य दूध-साखर, गूळ-खोबरे, केळे किंवा गूळ घातलेले फोव, म्हणजे पोहे. वरणभाताचा दाखवत असाल तर कांदा-लसूण नको, आणि आधी चव घेऊन मीठ बघायचे नाही. मीठ वेगळे वाढायचेही नाही. नैवेद्य दोन-चार मिनिटांनी उचला. संध्याकाळपर्यंत देवासमोर राहिलेली दुधाची वाटी ही श्रद्धा नव्हे, नासलेले दूध आहे.

नुस्ते, म्हणजे मासळी, खाणाऱ्या घरात देवपूजा चालते का, असे बाहेरून आलेले विचारतात. गोव्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. रीत साधी. पूजा सकाळी, मासळी कापायला घेण्याआधी. नैवेद्याची भांडी वेगळी. संध्याकाळच्या दिव्याआधी हातपाय धुवून कपडे बदलायचे. सोमवार बहुतेक घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी, तशाच एकादशी, संकष्टी आणि श्रावण. नव्या घरी सगळे वार एकदम धरू नका, मूळ घरी जे पाळतात तेवढेच पाळा. सुतक असताना घरचे देवांना हात लावत नाहीत. सुतक नसलेल्या शेजाऱ्याने दिवा लावला तर बरे, नाहीतर देव तसेच राहतात.

तिनसांज आणि तुळस

आपल्याकडे सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सातनंतर मावळतो. त्या वेळी एक दिवा देवाकडे आणि एक तुळशीपाशी. कामावरून यायला आठ वाजत असतील तर आठला लावा.

बाल्कनीतली तुळस मरते ती बहुधा प्रेमाने. कुंडीला खाली भोक नसते, पावसाचे पाणी साचते, शिवाय रोज तांब्याभर वरून ओततात. मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात, आणि पाणी कमी पडले समजून आणखी ओततात. पावसाळ्यात कुंडी कठड्याच्या आत घ्या आणि पळीभर पाणी वाहा. दूध, तेल, पंचामृत मातीत घालू नका. मंजिऱ्या वाढू दिल्या की झाड म्हातारे होते, त्या खुडत राहा. पणती पानांपासून वीतभर लांब ठेवा. संध्याकाळनंतर आणि द्वादशीला पाने तोडत नाहीत. कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नासाठी, म्हणजे आपल्या व्हडल्या दिवाळीसाठी, ऊस, चिंचा-आवळ्याची डहाळी आणि दिण्याची (एका रानझुडपाची) काठी बाजारात दोन दिवस आधीच मिळते. त्या दिवशी संध्याकाळी गेलात तर मोडकी काठी पदरात पडते.

पावसाळ्यात काडेपेटी, वाती आणि उदबत्ती हवाबंद डब्यात, तळाशी मूठभर तांदूळ घालून ठेवा. कापूर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवला नाही तर उडून जातो.

निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडवीत किंवा झुआरीत टाकायची सवय सोडा. दोरा, चमकी, प्लास्टिक आधी वेगळे काढा. फुले-पाने माडाच्या आळ्यात जातात. माड नसेल तर भोके पाडलेल्या जुन्या बादलीत मातीचा थर, निर्माल्याचा थर असे घालत गेलात की काही महिन्यांत तुळशीच्या कुंडीला खत होते.

घर बंद करताना

चतुर्थीला सगळे मूळ घरी जातात आणि फ्लॅटला कुलूप लागते. निघायच्या सकाळी नेहमीसारखी पूजा करा, पण फुले वाहू नका, पाच दिवसांत ती कुजून मूर्तीला डाग पाडतात. नैवेद्य दाखवून उचला. समईतले तेल काढून ती पुसून ठेवा, नाहीतर झुरळे येतात. देवांसमोर तांब्याच्या फुलपात्रात पाणी भरून झाका, गाऱ्हाणे घाला की आम्ही जाऊन येतो, आणि देवघराला पातळ सुती कापड लावा, प्लास्टिक नाही. परत आल्यावर पिशव्या उघडण्याआधी फुलपात्रातले पाणी तुळशीला घाला, ती पावसात आधीच भिजलेली असेल तर दोन थेंबच, आणि दिवा लावा.